फाइल द्या, पहारेकरी नको: प्लगइन कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
संगीताची प्लगइन्स बनवून विकणाऱ्या सर्व कंपन्या

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी एका कंपनीची ईमेल आली. विषयाच्या ओळीत रंगीत फुगा होता, त्यामुळे सेल असेल असं वाटून लगेच उघडली. आत लिहिलं होतं की पुढच्या महिन्यापासून वेबसाइटवरच्या खात्यातून सुटे इन्स्टॉलर (प्लगइन मशीनवर बसवायच्या फाइली) मिळणं बंद होईल. यापुढे प्लगइन कंपनीच्या मॅनेजर ॲपमधूनच उतरवायचं, तिथूनच चालू करायचं, तिथूनच अपडेट करायचं. आणि हे सगळं कशासाठी, तर आमची सोय व्हावी म्हणून.

माझ्या मशीनवर असे अकरा मॅनेजर आधीच बसलेले आहेत. हा बारावा.

त्याच रात्री त्या कंपनीचे माझ्या खात्यातले सातही इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. सकाळी सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं की अभिप्राय संबंधित टीमकडे पोचवला आहे. ही संबंधित टीम आजवर कोणाला भेटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. इंग्रजीत तीन वेळा लिहून झालंय, म्हणून हे चौथं मराठीत आणि सगळ्यांसमोर. तुम्ही वाचाल न वाचाल, पण सावंतवाडीपासून काणकोणपर्यंत घरातल्या एका खोलीत माईक लावून बसलेले माझ्यासारखे पुष्कळ आहेत. ते वाचतील.

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात छोटा स्टुडिओ चालवतो. स्टुडिओ म्हणजे आमच्या जुन्या घरातली भात साठवायची खोली. चिऱ्याच्या भिंती दीड हात जाड, त्यामुळे शेजारच्या पत्र्यावरचा पाऊस सोडला तर बाहेरचा आवाज आत येत नाही आणि मोबाइलची रेंजही येत नाही. (रेंजचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) भजनी मंडळांची रेकॉर्डिंग, चवथीच्या आधी घुमट आरत्या (घुमट म्हणजे मडक्यावर कातडं ताणलेलं आमचं वाद्य), जत्रेतल्या नाटकांचं पार्श्वसंगीत, शाळांच्या स्नेहसंमेलनांचे ट्रॅक, मध्येच एखाद्या फर्निचरवाल्याची जाहिरात, अशी कामं. काम भरपूर, पैसा बेताचा. सोळा वर्षांत जी प्लगइन्स जमवली ती सेलची वाट बघत, डॉलरचा भाव आणि वरचा जीएसटी मोजत, एकेक करून. आज माझ्याकडे एकही चोरीचं नाही. सुरुवातीची दोन वर्षं होती, लपवत नाही. आमच्या वेळचे बहुतेक जण क्रॅकवरच, म्हणजे कुलूप तोडलेल्या प्रतींवरच, शिकले. पुढे चार पैसे मिळायला लागले तशी लाज वाटायला लागली आणि एकेक विकत घेत गेलो. आता गंमत बघा. चोरीचं प्लगइन तेव्हा दोन मिनिटांत बसायचं. विकत घेतलेलं बसवायला आज अर्धा तास लागतो.

या धंद्यातले नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायची छोटी छोटी अवजारं म्हणजे प्लगइन्स. एक आवाजातला खरखराट काढतं, एक 'स' चा शिट्टीसारखा टोचणारा सूर मऊ करतं, एक माझ्या भाताच्या खोलीत गायलेला अभंग देवळाच्या सभामंडपात गायल्यासारखा ऐकवतं. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी नावाची जोडणी आणली, २००८ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली. या तिसऱ्या आवृत्तीत प्लगइन कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायचं हेसुद्धा ठरवून दिलंय. विंडोजवर ती जागा ठरलेली, मॅकवर ती जागा ठरलेली. फाइल तिथे टाकली की रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ती आपली आपण शोधून घेतं. म्हणजे 'प्लगइन जागच्या जागी कसं पोचवायचं' हा प्रश्न २००८ मध्येच सुटलेला आहे. मॅनेजर कुठला प्रश्न सोडवतो, हे मला खरोखर कोणीतरी सांगावं.

आता मागच्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ सांगतो.

शेजारच्या वाड्यावरची घुमट आरतीची मंडळी आली होती. आठ जण, दोन घुमटं, एक शामेळ, कासाळं. आमच्या या आरत्या मराठीत, पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ चालत आलेल्या, आणि त्या नीट रेकॉर्ड करून ठेवाव्यात असं त्यांच्या बुवांच्या मनात कधीपासून होतं. ज्यांनी घुमट हातात घेतलंय त्यांना ठाऊक आहे की दमट हवेत त्याचं कातडं सैल पडतं. टणक नाद हवा तर ते शेकावं लागतं. त्यांनी स्टुडिओच्या दारात हॅलोजनचा दिवा लावून, त्याच्यासमोर घुमटं फिरवून फिरवून अर्धा तास शेकली. बोट मारलं की टण्ण वाजायला लागली तेव्हा बुवा म्हणाले, चला.

आदल्या आठवड्यात पहिल्या चार आरत्या झाल्या होत्या. आवाज तोच राहावा म्हणून मी तेच सेशन, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची फाइल, उघडलं. मध्येच खिडकी आली: मॅनेजरमध्ये साइन इन करा. पावसाचा आवाज काढायचं जे प्लगइन मी रोख पैसे मोजून तीन वर्षांपूर्वी घेतलं होतं, ते म्हणत होतं की तू कोण ते आधी सिद्ध कर.

स्टुडिओचं मशीन मी नेटला जोडून ठेवत नाही. त्याला कारण आहे. वायफायचा ड्रायव्हर मध्ये मध्ये प्रोसेसर अडवून धरतो आणि रेकॉर्डिंगमध्ये टक-टक येते. शिवाय गाणारा ऐन तानेत असताना विंडोजला अपडेट सुचतं. तर मशीनला केबल लावली. मॅनेजर उघडला. मॅनेजर म्हणाला, आधी मला स्वतःला अपडेट व्हायचंय. झाला. म्हणाला, मशीन रिस्टार्ट करा. केलं. मग ईमेल आणि पासवर्ड. मग म्हणाला, ईमेलवर सहा आकडी कोड पाठवलाय. कोड मोबाइलवर, आणि मोबाइलला रेंज खोलीबाहेर. मी पावसात अंगणापलीकडच्या गोठ्याच्या पडवीत जाऊन कोड बघितला, धावत येऊन टाकला. कोडची मुदत संपली होती. दुसरा मागवला, परत पडवी. तेवढ्यात वीज गेली. मशीन इन्व्हर्टरवर होतं, राउटर नव्हता.

बुवा गप्प बसून सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "किदें जालें रे? मशीन बंद पडलें?"

"बंद नाही पडलं बुवा. परवानगी मागतंय."

"कोणाची?"

"परदेशातल्या कंपनीची."

"आणि ती निजली असली तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असलं तर कळवा. प्लगइन चालू होईपर्यंत पाऊण तास गेला होता आणि दोन्ही घुमटं पुन्हा सैल पडली होती. पुन्हा हॅलोजन, पुन्हा शेकणं. त्या रात्री तीनऐवजी एकच आरती झाली, आणि एक जण दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर जायचा म्हणून तोही शेवटच्या टेकला नव्हता.

एवढं सांगून झालं, आता तक्रारी एकेक.

पहिली अर्थातच ही की मला फाइल हवी आहे आणि तुम्ही मला दरवान देता. माझ्या एका रिव्हर्बचं, म्हणजे सभामंडपासारखा घुमारा देणारं, प्लगइन अडतीस एमबीचं आहे. ते आणणारा मॅनेजर उघडल्यावर चारशेच्या पुढे जातो. कारण यातले बरेच मॅनेजर म्हणजे आतून अख्खा ब्राउझर असतो, वर कंपनीचा रंग मारलेला. आणि उघडल्यावर समोर काय येतं? माझी प्लगइन्स नाहीत. आधी नव्या मालाची जाहिरात, मग सेल, मग 'तुमच्यासाठी खास', आणि कुठेतरी कोपऱ्यात 'माझी उत्पादनं'. आपल्याच खोलीत जायचं तर वाटेत दुकान लागावं तसं झालं.

दुसरी तक्रार मशीन सुरू होण्याची. यातल्या कित्येकांचा एक तुकडा मशीनबरोबर उठतो आणि मागे बसून राहतो. तो काय करतो? अपडेट आलंय का ते बघतो. माझ्या रिव्हर्बला दिवसातून एकदा अपडेट कशाला लागतं? अकरा कंपन्यांचे अकरा राखणदार, तेही ॲडमिनचा अधिकार घेऊन, एका मशीनवर. बंद करावे तर पुढच्या अपडेटला परत उठून बसतात.

तिसरी, आणि मला सगळ्यात जास्त टोचणारी: जुन्या मशीनचा बळी. फोंड्यातच माझा एक मित्र आहे, तो विंडोज ७ वर काम करायचा. मशीन जुनं, पण एकदा बसवलेली घडी उत्तम चालत होती. नाटकांचं पार्श्वसंगीत करायला अजून काय लागतं? मध्ये त्याची हार्ड डिस्क गेली आणि सगळं परत बसवायची वेळ आली. प्लगइन विंडोज ७ वर चालत होतं. आदल्या दिवसापर्यंत चाललंच होतं. पण मॅनेजर चालेना. का? तर त्याच्या पोटातला ब्राउझर. क्रोमने फेब्रुवारी २०२३ पासून विंडोज ७ आणि ८.१ सोडून दिलं, आणि त्याच इंजिनावर बेतलेले मॅनेजर ॲपही त्यापाठोपाठ गेले. म्हणजे वाद्य ठणठणीत, पण ते ज्या पेटीत ठेवलंय तिचं कुलूप उघडणारा माणूस जुन्या घराच्या उंबऱ्यावर पाय ठेवायला तयार नाही. शेवटी त्याने नवीन मशीन घेतलं. कर्ज काढून. आता ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चाही हात सोडला आहे, तेव्हा पुढचा नंबर माझाच.

अपडेटचं वेगळंच. मॅनेजरला नेहमी नवीनच आवृत्ती द्यायची असते. आमचं काम मात्र जुन्या सेशन्सवर चालतं. दोन वर्षांपूर्वीचं नाटक या जत्रेला परत लागतं, दिग्दर्शक म्हणतो तेवढी वादळाची जागा लांबव. सेशन उघडावं तर प्लगइनची आवृत्ती बदललेली, आवाज वेगळा, कधी सेटिंगच कोरी. जुनी आवृत्ती मागितली तर ती यादीत नाही. एखाद्या तंबोऱ्याची जवारी रातोरात कोणी घरात शिरून बदलून जावी आणि सकाळी म्हणावं की हे सुधारलंय, असं झालं तर तुम्ही काय कराल?

चौथी तक्रार वीज पडल्याची. जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागताना, आमच्याकडे विजांचा कडकडाट वाईट असतो. दोन वर्षांपूर्वी लाइनमधून झटका आला आणि मदरबोर्ड जळाला. नवीन मशीन उभं केलं. रीपर नावाचं माझं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पाच मिनिटांत परत उभं राहिलं, कारण त्याचा इन्स्टॉलर पंधरा-वीस एमबीचा आणि परवाना म्हणजे एक छोटी फाइल. हवं तर ते पेन ड्राइव्हवरूनसुद्धा चालतं. प्लगइन्सना दीड दिवस लागला, आणि त्यातली तीन तर बसलीच नाहीत. तुमची दोन मशीनची मर्यादा संपली, म्हणे. आधी जुन्या मशीनवरून परवाना काढून घ्या. जुनं मशीन जळलं आहे, हे मी सपोर्टला फोटोसकट कळवलं. चार दिवसांनी उत्तर आलं: कृपया जुन्या मशीनवर मॅनेजर पुन्हा इन्स्टॉल करून पाहा. मी ते उत्तर छापून स्टुडिओच्या दारामागे लावलंय. येणारे-जाणारे हसतात.

आणखी एक लहानशी. सत्तरी तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे मिक्सिंग शिकायला येतो. हुशार आहे, कान चांगला आहे, ढोलकी वाजवतो. त्याच्या घरी नेट नाही, मोबाइलला रेंज घरामागच्या टेकडीवर. त्याने तुमच्यापैकी एकाचं फुकट प्लगइन मागितलं. फुकट म्हणजे कायदेशीर फुकट, तुम्हीच वाटता ते. मी म्हटलं पेन ड्राइव्ह आण, देतो. तो आणला आणि माझ्या लक्षात आलं की द्यायला फाइलच नाही. खातं उघडायचं, मॅनेजर उतरवायचा, मॅनेजरने मग ते प्लगइन थेट त्याच्याच मशीनवर उतरवायचं. पोरगा टेकडीवर लॅपटॉप घेऊन बसणार का? त्याला मी दुसऱ्या कंपनीचं दिलं, जिचं नाव पुढे येईल.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. दोन गोष्टी तुम्ही नेहमी सांगता. एक म्हणजे मोठ्या लायब्ररी: साठ-सत्तर जीबीचे सॅम्पल्स (वाद्यांचे रेकॉर्ड केलेले सूर) असतात, ब्राउझरमधून उतरवताना मध्येच तुटलं की पहिल्यापासून. हे मान्य. मी स्वतः एकदा ऑर्केस्ट्राची लायब्ररी पाच रात्री उतरवत होतो, तेव्हा जिथे तुटलं तिथून पुढे चालू करणारा मॅनेजर मला देवासारखा वाटला. (पण तिथेही झिप उतरवायला एकदा जागा आणि सोडवायला परत तेवढीच, आणि सगळं सी ड्राइव्हवर, हे विसरलो नाही.) साठ जीबीला मॅनेजर हवा तर असू दे. अडतीस एमबीला का?

दुसरं कारण चोरी. इथे मात्र माझा आवाज जरा चढतो. ज्याने क्रॅक केलेलं प्लगइन घेतलं त्याच्या मशीनवर मॅनेजर नसतो. त्याला कोड येत नाही, त्याला रिस्टार्ट नाही, त्याची घुमटं सैल पडत नाहीत. क्रॅकमधली पहिली गोष्टच ती, की मॅनेजर काढून टाकायचा. उरतो कोण? पावतीवाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आणि दुसरा रस्ताच नाही असंही नाही. फॅबफिल्टर या प्लगइन कंपनीकडून घेतलं की इन्स्टॉलर थेट मिळतो आणि परवान्याची ओळ चिकटवली की झालं. व्हॅलहालाची परवाना फाइल एकदा दाखवली की परत कधी विचारत नाही. यू-हीचं नाव आणि सीरियल नंबर. मी या कोणाचा नातेवाईक नाही. त्यांचीही चोरी होत असेलच, पण दुकानं बंद पडलेली नाहीत. उलट माझ्यासारखे लोक त्यांच्याकडे परत परत जातात. सत्तरीच्या मुलाला दिलं ते व्हॅलहालाचंच एक फुकट प्लगइन. पेन ड्राइव्हवर मावलं, घरी नेलं, वाजलं.

परवाना म्हणून यूएसबीत लावायची ती छोटी किल्ली, डोंगल, तिला आम्ही एके काळी शिव्या घालायचो. स्टाइनबर्गने २०२२ मध्ये आपल्या क्युबेस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या बाराव्या आवृत्तीपासून ती काढून टाकली तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास घेतला. आज मागे वळून बघताना डोंगलची थोडी आठवण येते, खरं सांगतो. ती निदान खिशात राहायची आणि आपली जाहिरात दाखवत नव्हती.

माझ्याकडे एक जुना कीबोर्ड आहे, मिडीच्या पाच पिनांची केबल लागणारा. मिडी १९८३ ची. रोलँड आणि सिक्वेन्शियल सर्किट्स, एक जपानी आणि एक अमेरिकन, एकमेकांचे स्पर्धक. दोघांनी मिळून ठरवलं की एकाच्या वाद्याची तार दुसऱ्याच्या वाद्याला लागली पाहिजे, आणि त्या वर्षी दोघांची वाद्यं खरोखर एकमेकांना जोडून दाखवली. ती केबल मी आज आजच्या मशीनला लावतो आणि ती वाजते. चाळीस वर्षं उलटून गेली, कोणी लॉगिन मागितलेलं नाही. तुम्ही याच धंद्यातली पुढची पिढी, आणि तुम्हाला स्वतःचं स्वतंत्र दार बांधल्याशिवाय करमत नाही.

घुमटाचंच घ्या. २०१९ मध्ये सरकारने ते राज्याचं वारसावाद्य म्हणून जाहीर केलं. त्याचं मडकं कुंभाराकडून येतं. कातडं पूर्वी घोरपडीचं असायचं. वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं तसं बकऱ्याचं आलं. नादात फरक पडला, वादक कुरकुरले, पण हात बसला. या सगळ्यात मडकं ज्याचं त्याचंच राहिलं. घुमट विकलं म्हणून कुंभार तुमच्या घरी राहायला येत नाही, आणि कुंभार गेला म्हणून घुमट मुकं होत नाही.

हे दुसरं, कंपनी गेल्यावरचं, सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि त्यावर तुम्ही कोणीच बोलत नाही. कॅमल ऑडिओ नावाची कंपनी २०१५ मध्ये बंद झाली. ॲपलने ती घेतली होती, आणि तिचं अल्केमी हे वाद्य पुढे ॲपलच्या लॉजिक या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये गेलं. विंडोजवाल्यांना नवीन काही मिळणार नव्हतं. पण तो जमाना सुट्या इन्स्टॉलरचा होता. फाइल जपून ठेवायची तर ठेवता येत होती. आज तुमच्यापैकी कोणी उद्या विकलं गेलं आणि मॅनेजरचा सर्व्हर बंद झाला, तर मी काय जपून ठेवलेलं असेल? पावतीची ईमेल.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू झालाय. डिजिटल वस्तू विकताना, खरेदीदाराला मिळतोय तो फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' असा शब्द वापरता येत नाही. त्यात एक सूट आहे: जी वस्तू कायमची उतरवून बाहेरच्या डिस्कवर ठेवता येते आणि नेटशिवाय वापरता येते, तिला ही अट नाही. मला ती सूटच महत्त्वाची वाटते. फाइल दिलीत तर ते विकणं. नाही दिलीत तर काय, ते तिथल्या कायद्याने सांगून ठेवलंय. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित कराराची व्याख्या आहे, पण तीन हजारांच्या रिव्हर्बसाठी ग्राहक आयोगाच्या पायऱ्या कोण चढणार? हे तुम्हालाही ठाऊक आहे.

तरी लोक बोलले की ऐकावं लागतं, हेही एकदा दिसलंय. मार्च २०२३ मध्ये वेव्हज या प्लगइन कंपनीने जाहीर केलं होतं की यापुढे प्लगइन्स कायमची विकत मिळणार नाहीत, फक्त वर्गणीवर मिळतील. जगभरातून इतका ओरडा झाला की काही दिवसांतच निर्णय फिरवून त्यांनी विक्री परत चालू केली. म्हणून मागण्या लिहितो.

प्रत्येक प्लगइनचा सुटा इन्स्टॉलर खात्यात ठेवा, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्याही. मॅनेजर ज्याला हवा त्याने वापरावा, ज्याला नको त्याला जबरदस्ती नको.

नेट नसलेल्या मशीनवर परवाना चालू करायची सोय द्या. मशीनवर एक ओळ बनते, ती दुसरीकडून वेबसाइटवर टाकायची, बदल्यात परवान्याची फाइल मिळते. ही पद्धत जुनी आहे, तुमच्यातल्या काहींकडे होतीसुद्धा. आणि एकदा चालू झालेलं प्लगइन परत परत विचारणार नाही, असं लिहून द्या.

मेलेल्या मशीनचा परवाना वेबसाइटवरून, कोणाच्या पाया न पडता, सोडवता आला पाहिजे.

मॅनेजर मशीनबरोबर उठता कामा नये. कुठला फॉरमॅट हवा, कुठल्या ड्राइव्हवर, ते आम्ही ठरवू. ज्याच्याकडे प्रो टूल्स हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर नाही त्याच्या मशीनवर त्याचं प्लगइन कशाला टाकता?

पैसे घ्यायच्या आधी, 'विकत घ्या' या बटणाच्या शेजारी, मोठ्या अक्षरात लिहा की मॅनेजर लागेल की नाही आणि नेट लागेल की नाही. आता हे कळतं ते पैसे भरून झाल्यावर.

आणि प्लगइन बंद करणार असाल, कंपनी विकणार असाल, तर जाण्याआधी शेवटची एक आवृत्ती काढा, जिला कोणाला काही विचारावं लागणार नाही.

माझ्यापुरतं मी ठरवलंय: जिचा सुटा इन्स्टॉलर नाही तिचं प्लगइन यापुढे घ्यायचं नाही, सेल कितीही असो. शिकायला येणाऱ्यांनाही तेच सांगतो. तुमच्या हिशेबात आम्ही दहा-बारा जण म्हणजे काहीच नाही, हे कळतं.

घुमटवाले मंगळवारी परत येणार आहेत, राहिलेल्या दोन आरत्यांसाठी. ते पावसाचा आवाज काढायचं प्लगइन मी सेशनमधून काढून टाकलंय. त्याऐवजी शेजाऱ्याच्या पत्र्यावर सुंभाची जुनी पायपुसणी आणि पोती टाकून घेतली, आवाज बराच कमी झाला. केबल काढून ठेवली आहे.

कळावे,

आपला एक जुना गिऱ्हाईक,
फोंडा, गोवा